तैयब मेहतांची काली : भीतीला मिळालेला चेहरा

जून 2018 मध्ये मुंबईत झालेल्या एका लिलावात तैयब मेहता यांचे 'काली' हे 1989 सालचे चित्र 26 कोटी 40 लाख रुपयांना विकले गेले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी आकडा ठळक छापला. चित्राविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. तेरा वर्षांपूर्वी, सप्टेंबर 2005 मध्ये, न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे 'महिषासुर' दहा लाख डॉलरची मर्यादा ओलांडून सुमारे 15 लाख 80 हजार डॉलरला गेले, तेव्हाही हेच घडले होते. समकालीन भारतीय चित्राने गाठलेली ती पहिली एवढी मोठी किंमत. पण या दोन्ही विक्रमांच्या मुळाशी देवीच का आहे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

हा प्रश्न रास्त आहे. मेहता हे गुजरातमधील कपडवंज येथे 26 जुलै 1925 रोजी दाऊदी बोहरा कुटुंबात जन्मले आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट परिसरात वाढले. त्यांनी ही चित्रे देवघरासाठी काढली नाहीत, नवसापोटी काढली नाहीत आणि कोणा मंदिराच्या सांगण्यावरूनही काढली नाहीत. तरीही आयुष्याच्या उत्तरार्धात, साठी ओलांडल्यानंतर, काली आणि महिषासुर ही दोन रूपे त्यांच्या कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा येत राहिली. त्यामागचे कारण समजून घ्यायचे तर आधी 1947 सालच्या मुंबईत जावे लागते.

खिडकीतून पाहिलेला मृत्यू

फाळणीच्या दंगलींच्या काळात तरुण तैयब महंमद अली रोड भागात राहत होते. घराच्या खिडकीतून त्यांनी खालच्या रस्त्यावर एका तरुणाला जमावाने ठार मारताना पाहिले. जमावाने त्याला आधी मारहाण केली आणि मग दगडांनी त्याचे डोके ठेचले. या दृश्याने आपल्याला ताप भरला, तो कित्येक दिवस उतरला नाही आणि ते चित्र पुढेही आपला पिच्छा सोडत नव्हते, असे मेहता यांनी नंतरच्या मुलाखतींतून सांगितले आहे. आपल्या कलेतील हिंसेचा उगम ते या प्रसंगाकडे नेत असत.

तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्याआधी ते चित्रपटांच्या संकलनाच्या कामात होते आणि त्यांना खरे तर चित्रपट दिग्दर्शक व्हायचे होते. त्याच सुमारास ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि 1952 साली त्यांनी तेथील पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांनी 1947 मध्ये स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या वर्तुळाशी त्यांचा याच काळात संबंध आला. अकबर पदमसी यांच्याशीही त्यांची मैत्री जडली.

रस्त्यावर मारल्या गेलेल्या त्या माणसाचे चित्र मात्र त्यांनी जसेच्या तसे कधी काढले नाही. दंगलीचा देखावा, रक्ताचे थारोळे, पळणारी माणसे असे काहीही त्यांच्या कामात आढळत नाही. एखादा प्रसंग रंगवला की तो त्या दिवसापुरता आणि त्या गल्लीपुरता उरतो; त्यांना हवी होती ती त्या प्रसंगामागची शक्ती पकडणारी प्रतिमा. ती सापडायला सुमारे चाळीस वर्षे गेली.

बांधलेला बैल

या शोधातील पहिली प्रतिमा बैलाची होती. कत्तलीपूर्वी पाय बांधून जमिनीवर आडवा पाडलेला बैल मेहता यांनी 1950 च्या दशकातच रंगवायला घेतला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिलेले इजिप्तच्या प्राचीन शिल्पपटातील बांधलेल्या बैलाचे रूप आणि आपल्याकडील कत्तलखान्यातील प्रत्यक्ष दृश्य, या दोहोंचा त्यात वाटा होता. प्रचंड ताकदीचा प्राणी दोरखंडाने जखडला जातो, त्याची सगळी शक्ती आतल्या आत कोंडली जाते, आणि त्या अवस्थेत त्यांना देशाच्या स्थितीचे प्रतिबिंब दिसे. 1956 सालचे 'ट्रस्ड बुल' हे त्यांचे चित्र एप्रिल 2025 मध्ये 61 कोटी 80 लाख रुपयांना विकले गेले. आकडा पुन्हा गाजला. त्या बैलाचा आणि नंतरच्या महिषासुराचा संबंध मात्र फारसा चर्चिला गेला नाही. त्या संबंधाकडे आपण पुढे येऊच.

1970 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी 'कूडल' हा लघुपट केला. 'कूडल' हा तमिळ शब्द. त्याचा अर्थ संगम किंवा मीलन. या लघुपटात वांद्र्याच्या कत्तलखान्यातील बैल आहे, शहरातील गर्दी आहे आणि गांधीजींची प्रतिमाही आहे. त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. चित्रपट दिग्दर्शक होण्याची जुनी इच्छा या एका कृतीत पूर्ण झाली आणि मेहता पुन्हा चित्रांकडे वळले.

बैलाच्या जोडीला आणखी काही रूपे आली. हातरिक्षा ओढणारा माणूस, वरून कोसळणारी मानवी आकृती आणि पुढे कोसळणारा पक्षी. दिल्लीत 1968 साली भरलेल्या पहिल्या त्रैवार्षिक कला प्रदर्शनात कोसळणाऱ्या आकृतीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. या सगळ्यांत एक समान धागा आहे. देह कुठल्या तरी शक्तीच्या तावडीत सापडला आहे आणि त्यातून सुटायला वाट नाही. पण ही सगळी बळी पडलेल्यांची रूपे होती. ज्या शक्तीने त्यांना पाडले, तिचे रूप अजून कॅनव्हासवर आले नव्हते.

रंग सपाट झाले, रेघ तिरकी आली

मेहता 1959 ते 1964 या काळात लंडनमध्ये राहिले. तेथील त्यांची चित्रे जाड रंगलेपांची, खरबरीत आणि अंधारी होती. फ्रान्सिस बेकन या ब्रिटिश चित्रकाराने रंगवलेल्या पिळवटलेल्या देहांचा प्रभाव तेव्हापासून त्यांच्या कामावर दिसतो. 1968 मध्ये जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथे बार्नेट न्यूमन यांची मूळ चित्रे त्यांनी पाहिली. एकाच रंगाचे विस्तीर्ण, सपाट क्षेत्र आणि त्याला छेदणारी एखादीच रेघ एवढ्यावर न्यूमन यांचे चित्र उभे असते. छापील पुस्तकात या चित्रांचा आकार आणि रंगाचा दाब कळत नाही; समोर उभे राहिल्यावर कळतो. या अनुभवाने मेहता यांची चित्रभाषा बदलली.

भारतात परतल्यावर 1969 च्या सुमारास त्यांच्या कॅनव्हासवर एक तिरकी पट्टी अवतरली. चित्र मनासारखे होत नसल्याच्या वैतागात आपण कॅनव्हासवर एक कर्ण ओढला आणि त्यातूनच वाट सापडली, असे ते सांगत. या कर्णाने कॅनव्हासचे दोन तुकडे होतात आणि मधली मानवी आकृतीही दुभंगते. एका बाजूला धड, दुसऱ्या बाजूला हात. डोके एकीकडे आणि पाय भलतीकडे. फाळणीवर अनेक चित्रकारांनी चित्रे काढली. मेहता यांनी त्या विषयाचे नावही न घेता कॅनव्हासचीच फाळणी केली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

येथे तंत्राचा मुद्दा लक्षात घ्यायला हवा, कारण कालीचे चित्र समजण्याची ती किल्ली आहे. मेहता यांच्या नंतरच्या कामात छायाप्रकाश नाही, ब्रशचे फटकारे दिसत नाहीत आणि पार्श्वभूमीला निसर्ग वा वास्तू नाही. रंगाची क्षेत्रे कागदातून कापून चिकटवावीत तशी एकमेकांना भिडतात. भयंकर विषय आणि शांत, नितळ रंग यांचा हा मेळ पाहणाऱ्याला अस्वस्थ करतो. आक्रोश करणाऱ्या चित्राकडे पाठ फिरवता येते. मेहता यांच्या चित्रापुढे माणूस थांबतो आणि मग हळूहळू त्याला कळते की आपण काय पाहत आहोत.

शांतिनिकेतनात देवी भेटली

1984-85 मध्ये मेहता विश्वभारती विद्यापीठाचे निवासी कलावंत म्हणून शांतिनिकेतनला गेले. त्यांचे वय तेव्हा एकोणसाठ-साठ होते. मुंबईच्या दाटीवाटीत आयुष्य गेलेल्या या चित्रकाराने येथे बंगालचे ग्रामजीवन, संथाळांचे उत्सव आणि चैत्राच्या अखेरीस होणारा चरक उत्सव जवळून पाहिला. शिवाच्या नावाने भरणाऱ्या या उत्सवात भक्त स्वतःच्या देहाला क्लेश देतात, उंच खांबाला टांगून घेऊन गोल फिरतात. वेदना आणि आनंद, भीती आणि उत्साह तेथे वेगळे काढता येत नाहीत. या अनुभवातून 'शांतिनिकेतन ट्रिप्टिक' हे तीन भागांचे मोठे चित्र 1986-87 मध्ये साकारले. त्याआधीच्या चित्रांत एकटा माणूस होता. येथे प्रथमच समूह आला.

आणि बंगालमध्ये काली आहेच. महाराष्ट्रात आपण देवीला प्रामुख्याने कुलस्वामिनी म्हणून ओळखतो. ती नवसाला पावते, गोंधळाला येते, माहेरवाशिणीच्या ओटीत दिसते. बंगालमध्ये काली ही आई आहे आणि तीच स्मशानात वावरणारीही आहे. कालीघाट आणि दक्षिणेश्वर येथे रोज हजारो माणसे जिला 'मा' म्हणून हाक मारतात, तिच्या गळ्यात मुंडमाळा असते, एका हातात खड्ग आणि एका हातात तोडलेले शिर असते. उरलेल्या दोन हातांपैकी एक अभय देतो, दुसरा वर देतो. संहार आणि अभय एकाच देहात नांदतात ही कल्पना बंगाली माणसाला लहानपणापासून परिचित असते. मेहता यांना ती साठीच्या उंबरठ्यावर, स्वतःचा प्रश्न घेऊन फिरत असताना भेटली.

1947 पासून ज्या शक्तीला रूप नव्हते, तिला येथे रूप मिळाले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कालीची चित्रे येऊ लागली. त्यांत परंपरेतील बरेच काही गळून पडले आहे. दागिने नाहीत, केसांचा संभार नाही, सजावट नाही. गडद निळा देह सपाट रंगक्षेत्रावर उभा आहे, अवयव जागचे हललेले आहेत आणि या सगळ्यात नजर खिळते ती उघड्या लाल तोंडावर. देवीची बाहेर काढलेली जीभ आपण असंख्य चित्रांत पाहिलेली असते. येथे जिभेपेक्षा मुखाची पोकळीच मोठी होते.

रक्तबीजाची गोष्ट

या तोंडाचा अर्थ लावताना 'देवीमाहात्म्या'तील एक कथा आठवते. मार्कंडेय पुराणाचा भाग असलेला हा ग्रंथ 'सप्तशती' या नावाने आपल्याकडे नवरात्रात घरोघर वाचला जातो. त्यात काली ही अंबिकेच्या ललाटातून प्रकटते. चंड आणि मुंड यांचा ती वध करते आणि पुढे रक्तबीजाशी सामना होतो. रक्तबीजाच्या रक्ताचा प्रत्येक थेंब जमिनीवर पडला की त्यातून तसाच नवा असुर उभा राहतो. त्याला मारावे तितके असुर वाढत जातात. अखेर काली आपले तोंड विस्तारते आणि एकही थेंब भूमीवर पडू न देता सगळे रक्त पिऊन टाकते. तेव्हा कुठे रक्तबीज संपतो.

मेहता यांनी हीच कथा समोर ठेवून चित्र काढले, असा दावा येथे करायचा नाही. पण ज्याने जमावाचा सूड खिडकीतून पाहिला आहे, त्याच्या चित्रात हे तोंड इतके मोठे का होते, हे या कथेमुळे उमगते. दंगलीतील हिंसा रक्तबीजासारखीच असते. एका खुनातून दुसरा उगवतो, एका गल्लीचा वचपा दुसऱ्या गल्लीत काढला जातो. ती थांबवायची तर कोणाला तरी ते रक्त पोटात घ्यावे लागते. कालीचे तोंड म्हणूनच दुहेरी आहे. ते गिळणारे आहे आणि थांबवणारेही आहे. चित्रासमोर उभे राहिले की यांपैकी नेमके काय दिसते आहे, याचा निर्णय लवकर होत नाही, आणि तो होऊ नये हेच बहुधा चित्रकाराला अभिप्रेत असावे.

महिषासुर आणि आपला म्हसोबा

कालीच्या पाठोपाठ 1990 च्या दशकात महिषासुराची मालिका आली. हे दशक मुंबईसाठी कसे उजाडले, हे सांगायला नको. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मधील दंगलींत या शहरातील 900 माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. 1947 मध्ये खिडकीत उभा असलेला तरुण आता सदुसष्ट वर्षांचा होता आणि शहर तेच होते.

महिषासुरमर्दिनीचे शिल्प महाराष्ट्राला नवे नाही. वेरूळच्या लेण्यांत ती आहे. तुळजापूरची भवानी आणि वणीची सप्तशृंगी ही महिषासुराचा वध करणारीच रूपे आहेत. या शिल्पांत बहुधा विजयाचा क्षण असतो. देवीचा पाय महिषावर, त्रिशूळ त्याच्या देहात. मेहता यांच्या चित्रांत हा क्षण बदलतो. देवी आणि महिष यांचे देह एकमेकांत इतके गुंतलेले असतात की कोणता हात कोणाचा आणि कोणता पाय कोणाचा, हे चटकन सांगता येत नाही. झुंज आहे, पण मिठीही वाटते. 'देवीमाहात्म्या'तही महिषाचा शेवट असाच संधिकाळातला आहे. रेड्याच्या तोंडातून तो मानवी रूपात अर्धा बाहेर पडलेला असतानाच देवी त्याला मारते. पशू आणि माणूस यांच्या सीमेवर त्याला मरण येते. 1956 सालचा बांधलेला बैल येथे पुन्हा दिसतो. मात्र आता त्याला जखडणारे दोरखंड नाहीत. साक्षात देवीनेच त्याला कवेत घेतले आहे. ज्याची शक्ती कोंडलेली होती, तिला तिच्या स्पर्शाने वाट मिळते.

हे वाचून एखाद्याला वाटेल की ही आधुनिक चित्रकाराची मनमानी आहे. पण आपली लोकपरंपराही असुराकडे केवळ शत्रू म्हणून पाहत नाही. सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी महिषासुराच्या मस्तकालाही भाविक नमस्कार करतात. गावोगावच्या शिवारात शेंदूर फासलेला म्हसोबा पिकांची राखण करतो. पुरंदर तालुक्यातील वीर येथे दरवर्षी माघ पौर्णिमेला श्रीनाथ म्हस्कोबा आणि जोगेश्वरी यांचा विवाह लागतो. तेथील भाविक म्हस्कोबाला काळभैरवाचे रूप मानतात. थोर इतिहाससंशोधक दा. ध. कोसंबी यांनी मात्र या दैवताचे नाते म्हसोबाशी, पर्यायाने महिषासुराशी जोडले आणि एके ठिकाणी देवी ज्याला मारते, त्यालाच दुसरीकडे ती वरते, याकडे लक्ष वेधले. मतभेद असू शकतात. पण वध आणि विवाह या एकाच नात्याच्या दोन बाजू असू शकतात, ही जाण या मातीत जुनी आहे. मेहता आपल्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले.

'आपली' देवी कोणाची?

बोहरा कुटुंबातील चित्रकाराने काली रंगवावी याचे नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा याने 'किताब-ए-नौरस' या आपल्या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपती यांना वंदन केले आहे. बंगालच्या मेदिनीपूर भागातील पटुआ चित्रकारांपैकी बहुतेक धर्माने मुसलमान. तरी पिढ्यान्‌पिढ्या ते दुर्गा, मनसा आणि रामायणाचे पट रंगवतात आणि ते उलगडत गाणीही गातात. देवतेची कथा हा त्यांचा व्यवसाय आहे आणि वारसाही.

मेहता यांचे नाते याहूनही वेगळे, अधिक खासगी होते. पटुआंकडे देवी परंपरेने येते, भक्ताकडे श्रद्धेने. मेहता यांच्याकडे ती गरजेपोटी आली. जे पाहिले ते सांगायला त्यांच्याजवळ रूप नव्हते. युरोपात, अमेरिकेत आणि स्वतःच्या स्मरणात ते शोधून झाले होते. अखेर ज्या समाजाने ती हिंसा घडवली होती, त्याच समाजाच्या पुराणांत त्यांना ती व्यक्त करणारी प्रतिमा मिळाली. त्या चित्रांत मारल्या गेलेल्या माणसाचा धर्म कुठेही येत नाही, मारणाऱ्यांचाही येत नाही. काली कोणा एका जमातीची बाजू घेत नाही. म्हणूनच ती या दुःखाला पुरी पडते.

मेहता यांना 1988 साली कालिदास सन्मान आणि 2007 साली पद्मभूषण मिळाले. 2 जुलै 2009 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ते सावकाश काम करत आणि मनास न उतरलेली चित्रे स्वतःच नष्ट करत. त्यामुळे मागे राहिलेल्या चित्रांची संख्या मोजकी आहे, आणि बाजारात त्यांचे भाव चढण्याचे तेही एक कारण आहे. 2025 मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली.

त्यांच्या कालीपुढे उभे राहण्याची संधी मिळाली, तर प्रथम किंमत विसरावी. देवीची ओळखीची लक्षणेही क्षणभर बाजूला ठेवावीत. आधी रंगांच्या कडा पाहाव्यात, मग अवयव कुठे तुटले आहेत ते पाहावे आणि शेवटी त्या तोंडाकडे जावे. या क्रमाने पाहिले की लक्षात येते, हे चित्र भिववण्यासाठी काढलेले नाही. एका माणसाने आपल्या भीतीला चाळीस वर्षांनी चेहरा दिला आणि तो चेहरा त्याला देवीत सापडला, एवढीच या चित्राची कहाणी आहे.